लुई पाश्चर : रेशमाची पाच वर्षे

बाग म्हटले की माळव्यातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे दोन गोष्टी उभ्या राहतात. एक, बाघनी नदीकाठच्या डोंगरात कोरलेली बौद्ध लेणी आणि काळाने झिजवलेली त्यांतली चित्रे. दुसरी, त्याच नदीच्या पाण्यात धुऊन निघणारी खत्री मंडळींची लाल-काळी छपाई. ही छपाई मूळची सुती कापडावरची. अलीकडे मात्र बागचे ठसे माहेश्वरीवर, रेशमावर आणि कोशाच्या कापडावरही उठू लागले आहेत, आणि धार-देवासच्या जुन्या घरांतल्या लेकी-सुना ते कापड हौसेने नेसतात. या घरांतून रेशमाचा मान आधीपासूनच मोठा. आजोबांचा मुकटा, आजीचे सोवळे, मुंजीतला कद, लग्नातला शालू, आणि पेटीच्या तळाशी घडी मोडू नये म्हणून जपलेली पैठणी. ज्या किड्याच्या तोंडून हे सारे वैभव बाहेर येते तो किडा एकदा एका रोगाने युरोपातून जवळजवळ उठला होता. त्या रोगाचा बंदोबस्त ज्याने केला त्याने तोपर्यंत रेशमाचा किडा कधी हातातसुद्धा धरला नव्हता, ही हकीकत मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते.

तो गृहस्थ म्हणजे लुई पाश्चर. पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावरची लस आणि दूध नासू नये म्हणून ते तापवण्याची रीत, या दोन गोष्टींमुळे त्यांचे नाव आपल्याकडे शाळकरी मुलांनाही माहीत असते. चरित्रकार त्यांच्या रेशमाच्या पाच वर्षांना बहुधा एक प्रकरण देतात आणि पुढे जातात. प्रस्तुत लेखकाला मात्र वाटते की पाश्चर जे पाश्चर झाले ते त्या पाच वर्षांतच. १८६५ साली फ्रान्सच्या दक्षिणेत उतरले ते एक रसायनशास्त्री होते; १८७० साली परतले ते सजीवांच्या रोगांचे मर्म जाणणारे पुरुष होऊन. आणि त्यासाठी त्यांना जी किंमत मोजावी लागली ती थोडीथोडकी नव्हती.

त्यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ चा, फ्रान्सच्या पूर्वेकडील ज्युरा प्रांतातल्या दोल गावचा. वडील नेपोलियनच्या फौजेत सार्जंट होते. लढाया संपल्यावर त्यांनी कातडी कमावण्याचा वडिलोपार्जित धंदा धरला आणि पुढे आर्ब्वा या गावी ते स्थायिक झाले. लुईचा हात लहानपणी चित्रकलेत चांगला होता. त्याने काढलेली आईबापांची रंगीत चित्रे आजही जपून ठेवलेली आहेत. सोळाव्या वर्षी शिकायला पॅरिसला धाडले तर घराच्या आठवणीने आजारी पडून पोरगा परत आला. पुन्हा गेला तेव्हा टिकला. १८४८ साली टार्टारिक आम्लाच्या स्फटिकांत उजवे आणि डावे असे दोन भेद असतात हे दाखवून त्यांनी विद्वानांना चकित केले. १८४९ साली स्ट्रासबुर्ग येथे मारी लोरां हिच्याशी विवाह झाला. पुढे लीलच्या विद्यापीठात दारू का आंबते, दूध का नासते याचा शोध घेता घेता प्रत्येक आंबण्यामागे एखादा सूक्ष्म जीव असतो हे त्यांच्या ध्यानात आले. जीव आपोआप उपजतो हा जुना समज त्यांनी बाकदार मानेच्या काचपात्रांनी खोडून काढला. ही सर्व कामगिरी चाळिशीच्या आतबाहेरची. थोर खरी, पण अजून तरी काचपात्रातली.

आता त्या वेळच्या रेशमाकडे वळू. फ्रान्सच्या दक्षिणेस सेव्हेन नावाचा डोंगराळ मुलूख आहे. जमीन हलकी, पीक बेताचे. पण तुतीची झाडे जिकडेतिकडे. घरोघरी वसंतात रेशमाचे किडे पाळायचे, त्यांना रात्रंदिवस पाला घालायचा आणि महिना-सव्वा महिन्याने कोष विकून वर्षाची बेगमी करायची, असा तिथल्या शेतकऱ्यांचा क्रम. तुतीला ते लोक सोन्याचे झाड मानीत. १८५३ साली फ्रान्समध्ये २ कोटी ६० लाख किलो कोष निघाले. त्यानंतर किड्यांवर अवकृपा झाली. किडे नीट वाढेनात, कात टाकता टाकताच मरू लागले. कुणाच्या अंगावर मिरपूड भुरभुरावी तसे काळे ठिपके दिसू लागले. दक्षिण फ्रान्सच्या बोलीत मिरीला पेब्रे म्हणतात, म्हणून रोगाला नाव पडले पेब्रीन. बाहेरगावाहून निरोगी बीज म्हणून किड्यांची अंडी आणावीत तर पहिल्या वर्षी बरी निघत, दुसऱ्या वर्षी तीही बिघडत. इटली झाली, स्पेन झाला, तुर्कस्तान आणि कॉकेशस झाले. व्यापारी बीज आणायला जाईल तिथे मागोमाग रोग हजर. शेवटी भरवशाचे बीज म्हणून एक जपान तेवढे उरले. १८६५ पर्यंत फ्रान्सचे उत्पन्न ४० लाख किलोंवर आले. घरे ओस पडली, माणसे देशोधडीला लागली, आणि साडेतीन हजारांहून अधिक गावप्रमुखांनी व जमीनमालकांनी सरकारकडे गाऱ्हाणे घातले.

ते गाऱ्हाणे ज्यांच्या हाती आले ते झाँ-बातिस्त ड्यूमा हे मोठे रसायनशास्त्री, सिनेटचे सभासद आणि स्वतः त्याच मुलखातल्या आलेस गावचे. पाश्चर हे त्यांचे शिष्य. ड्यूमांनी शिष्याला गळ घातली. पाश्चरांनी आपल्याला या विषयातले काहीच कळत नाही असे कळवले. गुरूंनी उत्तर दिले की, तेच बरे. मग तुझ्या मनात येईल ते तुझ्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलेच असेल. गुरूचा शब्द मोडण्याची रीत तेव्हा तिकडेही नव्हती. पाश्चर निघाले.

वाटेत आव्हिन्यों गावी त्यांनी झाँ-आंरी फाब्र या शाळामास्तरांची गाठ घेतली. कीटकांचे वेड असलेला हा गरीब मास्तर पुढे जगप्रसिद्ध झाला. पाश्चरांनी एक कोष मागून घेतला, कानाशी हलवून पाहिला, आणि आत काही तरी खुळखुळते म्हणून नवल केले. त्या कोषात किडा रूप पालटून निजलेला असतो ही सेव्हेनमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट या विद्वानाला ठाऊक नव्हती. फाब्र थक्क झाले. पण पुढे लिहिताना त्यांनी टर उडवली नाही. आपले अज्ञान न लपवता कामाला लागणाऱ्या माणसाविषयी त्यांच्या मनात आदरच उपजला. पाश्चर तेव्हा द्राक्षदारूच्या नासण्याचाही अभ्यास करीत होते. त्यांनी मास्तरांना त्यांचे दारूचे तळघर दाखवायला सांगितले. बिचाऱ्या फाब्रांजवळ मोडक्या खुर्चीवर ठेवलेली एक बुधली तेवढी होती. त्यांनी तिच्याकडेच बोट दाखवले.

जून १८६५ मध्ये पाश्चर आलेसला पोहोचले. आठ-नऊ दिवस झाले असतील नसतील तोच वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. ते आर्ब्वाला धावले, पण भेट झाली नाही. उत्तरकार्य आटोपून ते पुन्हा किड्यांपाशी आले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्यांची दोन वर्षांची मुलगी कामिल गेली. थोरली मुलगी झान १८५९ सालीच विषमज्वराने नवव्या वर्षी गेली होती.

आता त्यांनी पाहिले काय ते सांगितले पाहिजे, कारण इथेच सारी मेख आहे. रोगी किड्यांच्या अंगात सूक्ष्मदर्शकाखाली चकाकणारे, लांबट गोल, तांदळाच्या दाण्याच्या घाटाचे कण दिसतात हे इटलीतल्या पंडितांनी आधीच पाहिले होते. मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यांतल्या तीन-चार भागांएवढी एका कणाची लांबी. नेगेली या पंडिताने १८५७ साली त्यांना नोसेमा बॉम्बिसिस असे नावही दिले होते. इतकेच नव्हे, तर अंडी तपासून कण असलेली फेकून द्यावीत असाही उपाय इटलीत सुचवला गेला होता. पण तो लागू पडेना. कारण अंड्यात कण इतके थोडे असतात की ते दृष्टीस पडत नाहीत, आणि निर्दोष ठरलेल्या अंड्यांतूनही रोगी किडे निघतात. पाश्चरांनी पहिल्याच हंगामात दोन घाणी शेजारी शेजारी पाहिल्या. एकीतले किडे धडधाकट, कोष उत्तम. तरी त्यांच्या पतंगांत कणच कण. दुसरीतले किडे मलूल, आणि त्यांच्यात कण दिसेनात; ते पुढे कोषात नि पतंगात दिसू लागले. यावरून त्यांनी ताडले की रोग किड्याच्या वयाबरोबर आत वाढत जातो आणि पूर्ण उघडा पडतो तो पतंगाच्या देहात. तेव्हा अंडे पाहण्यात अर्थ नाही, किडा पाहण्यातही नाही. पाहायची ती अंडी घालणारी आई.

यातून जी रीत निघाली ती इतकी साधी की आपल्याकडची एखादी हुशार म्हातारीही ती चार दिवसांत शिकेल. नर-मादीचा संयोग झाला की प्रत्येक मादीला निराळ्या फडक्याच्या तुकड्यावर बसवायचे. ती अंडी घालते आणि दोन-चार दिवसांत मरते. तिला त्याच फडक्याच्या कोपऱ्यात टाचून ठेवायचे. मग सवडीने ती वाळलेली मादी खलात पाण्याच्या थेंबांबरोबर वाटायची, त्यातला एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. कण दिसले तर फडके अंड्यांसकट जाळायचे; न दिसले तर ती अंडी पुढच्या वर्षीचे बीज. एका आईमागे चार-पाचशे अंडी. एक थेंब पाहून चार-पाचशे किड्यांचे भविष्य सांगता येई.

पण गंमत अशी की रीत बरोबर सापडली तेव्हा पाश्चरांचा सिद्धान्त चुकीचा होता. हे कण म्हणजे बाहेरून आलेला जीव नव्हे, रोगी देहातच पू-रक्तातल्या पेशींसारखे उपजलेले काही तरी आहे, असे ते दोन वर्षे धरून बसले. माँपेलिएचे प्राध्यापक बेशां १८६६ सालीच सांगत होते की हा परजीवी आहे. पाश्चरांनी ते मानले नाही; उलट त्यांना बरेच लागट बोलले. जीव आपोआप उपजत नाही हे जगाला शिकवणाऱ्या माणसाने हा हट्ट धरावा हे चमत्कारिक खरे. अखेर १८६७ च्या सुमारास त्यांचा तरुण मदतनीस झेर्ने याच्या प्रयोगांनी त्यांचे मन वळले. रोगी किडा वाटून त्याचे पाणी तुतीच्या पानांवर फासले आणि ती पाने निरोगी किड्यांना घातली की काही दिवसांनी त्यांच्या अंगात तेच कण भरत. न फासलेली पाने खाणारे शेजारचे किडे चांगले राहत. शिवाय आजारी किड्याच्या पायाच्या नख्यांनी शेजाऱ्याला ओरखडा निघाला तरी रोग जडे. म्हणजे रोग दोन वाटांनी येतो, एक आईच्या पोटातून आणि एक शेजाऱ्याच्या विष्ठेतून, हे सिद्ध झाले. पाश्चरांचे भक्त हा दोन वर्षांचा हट्ट झाकू पाहतात आणि त्यांचे वैरी तेवढाच उगाळतात. आपल्याला वाटते ते असे की, त्या दोन वर्षांतही त्यांनी आलेसच्या शेतकऱ्याला सांगितलेली कृती एकदाही चुकली नव्हती. आणि पुरावा हाती येताच स्वतःच्या मताला मूठमाती देण्याइतके ते प्रामाणिक होते. बेशांना मात्र त्यांच्या वाट्याचे श्रेय त्यांनी दिले असते तर बरे झाले असते.

हा कण आहे तरी काय, हे पाश्चरांच्या हयातीत कुणालाच पुरते उमगले नाही. बाल्बियानी यांनी १८८२ साली अशा जीवांच्या गटाला मायक्रोस्पोरिडिया हे नाव दिले. आता आपल्याला कळते की प्रत्येक कणाच्या आत दोरीच्या वेटोळ्यासारखी गुंडाळलेली एक नळी असते. कण किड्याच्या आतड्यात पोचला की ती नळी क्षणार्धात उलगडून बाहेर फेकली जाते, आतड्याच्या पेशीत भोसकली जाते, आणि तिच्यातून कणाचा सारा ऐवज पेशीत ओतला जातो. मग आतल्या आत त्याचे शेकडो होतात. पुष्कळ काळ त्याला आदिजीवांत गणले जाई. गेल्या तीसएक वर्षांतल्या संशोधनाने तो बुरशीच्या गोतातला ठरला आहे.

सेव्हेनमधले ते दिवस मात्र शास्त्रापेक्षा संसाराचे अधिक होते. १८६६ च्या वसंतात आलेसपासून मैलभरावर पाँ झिस्के नावाचे एक घर भाड्याने घेतले. तिथल्या संत्र्यांच्या काचघरात प्रयोगशाळा मांडली. पत्नी आणि दोन मुली पॅरिसहून येण्यास निघाल्या. वाटेत शांबेरी येथे बारा वर्षांची सेसिल विषमज्वराने आजारी पडली. पाश्चर तिला पाहून आले. थोडे बरे वाटले म्हणून हंगामाच्या ऐन गर्दीत परत आलेसला गेले. २३ मेला सेसिल गेली. बापाच्या वाट्याला आले ते शव आर्ब्वाला नेऊन आजोबांच्या आणि दोघी बहिणींच्या शेजारी ठेवण्याचे काम. त्यानंतर ते पाँ झिस्केला आले आणि पुन्हा खलबत्त्यापाशी बसले. मारीबाईंनी याविषयी तक्रार केल्याचे कुठे आढळत नाही. त्या आणि उरलेली मुलगी मारी-लुईझ पहाटे उठून तुतीचा पाला खुडीत, किडे निवडीत, फडकी मांडीत. मुलगी तर सूक्ष्मदर्शकाखाली कण ओळखण्यातही तरबेज झाली. रात्री बाई नवऱ्याचे टिपण उतरून घेत. आईच्या देहातून लेकराकडे जाणारा रोग शोधणाऱ्या त्या घरात लेकरे गमावलेली एक आई पाला निवडीत बसलेली असे, एवढे नुसते मनात आणले तरी पुरे.

१८६७ साली आणखी एक संकट उभे राहिले. निवडून घेतलेल्या, कण नसलेल्या बीजातलेही किडे काळे-ढिले पडून मरू लागले. पाश्चर हबकले; दोन वर्षांचे काम पाण्यात गेले असे त्यांना वाटले. मग ध्यानात आले की रोग एक नव्हे, दोन आहेत. हा दुसरा, फ्लाशरी, आतड्यातल्या निराळ्या सूक्ष्मजीवांचा. दमट, कोंदट, गर्दीच्या घाणीत तो जोर करतो. इथे पाश्चर नुसत्या कणावर थांबले नाहीत. हवा, उष्मा, पाल्याचा ओलेपणा, किड्याची मूळची ताकद या सगळ्यांचा विचार त्यांना करावा लागला. रोग होण्यास बी लागते तशी जमीनही लागते हे ते किड्यांपाशी शिकले.

बीज विकून गबर झालेल्या व्यापाऱ्यांना ही रीत मुळीच रुचली नाही. शेतकरी आपले बीज आपण तपासू लागला तर त्यांचा माल घेणार कोण? त्यांनी नाना कंड्या पिकवल्या. १८६८ साली तर पाश्चरांची रीत फसली म्हणून लोकांनी त्यांना दगड मारून आलेसमधून हुसकले, अशी वार्ता लियों येथे त्यांच्या सासऱ्यांच्या कानी गेली. बिचाऱ्या वृद्ध गृहस्थांनी घाबरून लेकीला पत्र टाकले. दगड कुणी मारले नव्हते. पण किडे सांभाळण्यापेक्षा माणसे सांभाळणे अवघड, हा अनुभव मात्र पाश्चरांना भरपूर आला.

१९ ऑक्टोबर १८६८ रोजी सकाळी त्यांच्या डाव्या अंगाला मुंग्या आल्या. एका इटालियन गृहस्थाने त्यांच्या रीतीचा पडताळा घेऊन लिहिलेला निबंध त्यांना त्या दिवशी अकादमीत वाचायचा होता. पत्नीचे न ऐकता ते गेले, निबंध वाचला, घरी आले. रात्री अर्धांगाचा झटका आला. वय अवघे ४५. डावा हात-पाय गेला. आशा सुटली होती. पण बुद्धी शाबूत होती, आणि आठवडाभरात अंथरुणावरूनच त्यांनी किड्यांसंबंधीचे एक टिपण झेर्नेला सांगून लिहवले. त्या वेळी त्यांच्यासाठी नवी प्रयोगशाळा बांधण्याचे काम नुकते सुरू झाले होते. गृहस्थ काही जगत नाही, मग खर्च कशाला, अशा हिशेबाने कारकुनांनी काम थांबवले. खिडकीतून ते बंद पडलेले काम आजाऱ्याला दिसे. बादशहाच्या कानी गोष्ट गेली तेव्हा हुकूम सुटून गवंडी परत आले. सरकारी दप्तराची चाल सगळ्या देशांत सारखीच म्हणायची.

जानेवारी १८६९ मध्ये, नीट चालताही येत नसता, त्यांनी स्वतःला गाडीत घालून पुन्हा दक्षिणेत नेऊन घेतले. आरामखुर्चीत बसून ते मदतनीसांकडून काम करवीत. लियोंच्या रेशीम मंडळाला अजून शंका होती. पाश्चरांनी त्यांच्याकडे बीजाचे चार वाण पाठवले आणि सोबत आगाऊ लिहून दिले की हा एक निरोगी निघेल, हा पेब्रीनने मरेल, हा फ्लाशरीने आणि हा दोहोंनी. हंगाम संपला तेव्हा चारही भाकिते अक्षरशः खरी ठरली होती. पुढच्या हिवाळ्यात बादशहाने त्यांना त्रिएस्तजवळच्या व्हिल्ला व्हिचेंतिना या राजघराण्याच्या जहागिरीवर पाठवले. तिथे कित्येक वर्षे कोषांत तोटाच येत होता. पाश्चरांच्या बीजाने चांगला नफा आला. तिथेच त्यांनी पत्नीला तोंडी सांगून रेशमाच्या रोगांवरील दोन खंडांचा ग्रंथ पुरा केला. तो १८७० साली निघाला. त्यांना सिनेटर करण्याचा हुकूमही तयार झाला. पण त्याच जुलैत जर्मनांशी लढाई जुंपली, बादशाही बुडाली आणि तो हुकूम कागदावरच राहिला.

यापुढचे पाश्चर आपल्या ओळखीचे. १८८१ सालचा मेंढ्यांच्या काळपुळीवरचा जाहीर प्रयोग, ६ जुलै १८८५ रोजी नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला दिलेली लस, १८८८ साली लोकवर्गणीतून उभी राहिलेली पॅरिसची संस्था, हे सारे त्यांनी एका पांगळ्या अंगाने केले. वैद्यकीची पदवी त्यांच्याजवळ कधीच नव्हती. त्यांच्याकडे मदत मागायला येणाऱ्या तरुण संशोधकांना ते आपला रेशमाचा ग्रंथ आधी वाचायला सांगत, अशी आठवण त्यांच्या शिष्यांनी नोंदलेली आहे. आपल्या देशाशी त्यांच्या घराण्याचा संबंध हाफकिन यांच्यामुळे जडला. पाश्चरांच्या संस्थेत शिकलेले हाफकिन १८९३ साली पटकीची लस घेऊन हिंदुस्थानात आले, आणि मुंबईतल्या प्लेगात त्यांनी जानेवारी १८९७ मध्ये नवी लस आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची.

रेशमाची रीत त्याहूनही गुपचूप आली. फ्रान्सच्या शेतकऱ्याचे जुने वैभव तिने पूर्ण परत आणले नाही हे खरे. बीज सुधारले, पण १८६९ साली सुएझचा कालवा उघडला आणि चीन-जपानचे स्वस्त रेशीम लियोंच्या मागांवर येऊन पडले. इटलीने आणि जपानने मात्र तिचा पुरता लाभ उठवला. आपल्याकडे बंगालचे रेशीम याच रोगाने खंगले होते. काश्मीर संस्थानात १८७० नंतरच्या दशकात रोगाने धंदा बसला तो १८९७ साली वॉर्डल यांनी युरोपातून तपासलेले बीज आणवले तेव्हा पुन्हा उभा राहिला. मैसूरला जमशेटजी टाटांनी जपानी जाणकार आणून रेशीमशेती घातली. १९४९ पासून केंद्रीय रेशीम मंडळ हे काम पाहते. आज कर्नाटकातल्या किंवा महाराष्ट्रातल्या बीजगृहात शिरावे तर काय दिसते? मादी पतंगावर पालथे घातलेले प्लास्टिकचे लहानसे झाकण, खाली कागदावर घातलेली अंडी, आणि शेजारी वाटलेली आई सूक्ष्मदर्शकाखाली. मूळ वाणाच्या बीजासाठी एकेक आई तपासतात, विक्रीच्या बीजासाठी नमुन्यादाखल काही. शेतकऱ्याच्या हाती पडतात त्यांना रोगमुक्त अंडीपुंज म्हणतात. माहेश्वरीच्या ताण्याला लागणारे तुतीचे रेशीम बहुतांशी दक्षिणेकडून येते, ते अशाच अंडीपुंजांतून. भंडारा-गडचिरोलीकडे धीवर मंडळी ऐन-अर्जुनाच्या झाडांवर टसरचा किडा वाढवतात. त्यालाही नोसेमाच्याच जातीचा रोग होतो. तो किडा उघड्या रानात वाढतो, म्हणून तिथे ही राखण अधिक कठीण.

या कणाचे भाऊबंद पुष्कळ. १९०९ साली जर्मनीतल्या झांडर यांनी मधमाशीच्या आतड्यातला नोसेमा ओळखला. तो मुख्यतः माशांच्या विष्ठेतून पसरतो. रेशमाच्या किड्यासारखा अंड्यावाटे वारसाने येणे हा त्याचा मार्ग नव्हे, त्यामुळे राणीमाशी तपासून पोळे वाचवण्याची सोय नाही. जुनी पोळी बदलणे आणि पेट्या स्वच्छ ठेवणे एवढेच हाती. १९९६ साली आशियातल्या आपल्या सातेरीच्या जातीत त्याचा आणखी एक भाऊ सापडला. पुढच्या दहा वर्षांत तो युरोपच्या माशांतही दिसू लागला, आणि थायलंडमध्ये आग्या व फुलोरी माशांतही तो आढळला आहे. २०२० साली पंडितांनी मधमाशीच्या या दोन्ही जीवांचे कूळ बदलून त्यांना व्हैरिमॉर्फा हे नाव दिले. माशांना त्याचे काय! त्याच २०२० च्या मे महिन्यात मंदसौर-नीमचकडून उज्जैन-देवासपर्यंत टोळधाड आलेली वाचकांना आठवत असेल. अमेरिकेत याच गोतातल्या एका कणाची पूड कोंड्यात मिसळून नाकतोड्यांना खाऊ घालतात, म्हणजे तिथे तो शेतकऱ्याच्या बाजूने लढतो.

पाश्चर २८ सप्टेंबर १८९५ रोजी वारले. सरकारी इतमामाने नोत्र-दाम देवळात अंत्यविधी झाला आणि पुढे त्यांचा देह त्यांच्या संस्थेच्या तळघरातल्या समाधीत आणून ठेवला. तिथल्या भिंती नि छत रंगीत दगड-काचेच्या तुकड्यांनी चितारलेले आहेत. त्यांत मेंढ्या आहेत, कोंबड्या आहेत, कुत्री आहेत, द्राक्षांचे वेल आहेत. आणि एका बाजूला तुतीची डहाळी, तिच्यावर किडे, कोष आणि पांढरे पतंग. १९१० साली मारीबाई गेल्या. त्यांनाही तिथेच ठेवले आहे.